लहान परसातील मोरवेल

लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावी घरामागील परस पुष्कळदा लहानच असते. अशा जागेत थोड्या खर्चात शोभा आणण्यास फुलवेल उपयुक्त ठरते. थंड देशांत याकरिता क्लेमॅटिस या वेलीच्या ठेंगण्या जाती कुंडीत लावतात. त्यांच्या टपोऱ्या फुलांचा मोह पडला, तरी विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. तेथे अशी रोपे जगविणे कठीण असून त्यांवरील पैसा व पाणी दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

याच कुळातील मोरवेल मात्र महाराष्ट्राच्या डोंगराळ भागांत आपोआप वाढते. पावसाळ्यानंतर तिला पांढरी फुले येतात व पुढे पिसांसारख्या शेपट्या असलेली फळे धरतात.

हिच्या मुळांना गारवा व शेंड्यांना ऊन लागते. म्हणून भिंतीच्या पूर्व बाजूस दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. यास्तव तीत मुरूम व चांगले कुजलेले शेणखत मिसळून जागा भोवतालपेक्षा थोडी उंच ठेवावी. पावसाळ्याच्या प्रारंभी रोप लावून बुडाशी पालापाचोळा पसरावा. उन्हाळ्यात भाजी धुतलेले पाणी द्यावे. साबणाचे देऊ नये.

या वेलीस तणावे नसतात. पानांचे देठच आधारास विळखा घालतात. जाड बांबूस ते धरत नाहीत. म्हणून सुतळी किंवा बारीक काटक्या बांधाव्यात. उन्हाळ्याच्या अखेरीस वेल हातभर उंचीवर छाटल्यास ती आटोपशीर राहते व नव्या वाढीवर फुलते.

हिचा ताजा रस कातडीस झोंबतो व फोड आणतो. छाटणीनंतर हात धुवावेत. मुलांना व गुरांना वेलीपासून दूर ठेवावे.

रोपांसाठी लोणार सरोवराच्या परिसरातून वेली उपटू नयेत. ते क्षेत्र अभयारण्य असून २०२० साली सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला आहे. एखाद्या परसात वेल असल्यास तिची फांदी वाकवून मातीत दाबावी. मुळे फुटल्यावर ती तोडून लावता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे दाबकलम एका घरी करून दाखविल्यास त्याच वेलीपासून शेजारच्या घरांनाही रोपे मिळतील.