उजनीच्या जलाशयातील नावेवर मासळीसाठी शीतपेटी

सोलापूर जिल्हा म्हटला म्हणजे ज्वारी, डाळिंब आणि ऊस ही पिके डोळ्यांपुढे येतात. मासळीचे नाव सहसा कोणी घेत नाही. तथापि भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यापासून यशवंतसागर जलाशयाच्या काठी मासेमारी हा मोठाच व्यवसाय होऊन बसला आहे. माढा व करमाळा तालुक्यांतील आणि पलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील भोई कुटुंबे व काही शेतकरी बंधू त्यावर उपजीविका करतात. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वांब आणि सर्वांत अधिक चिलापी अशी येथील मासळी असून भिगवणच्या बाजारात तिला मागणी असते. तोच मासा उन्हाळ्यात दुपारपर्यंत मऊ पडला की त्याचा भाव उतरतो, आणि रात्रभर केलेले श्रम पदरात पडत नाहीत.

मासा मेल्यानंतर त्याच्या कल्ल्यांत व आतड्यांत असलेले जंतू वाढू लागतात. उष्णता जितकी अधिक तितकी ही वाढ जलद होते. चाळीस अंशांच्या उन्हात होडीच्या तळाशी गोणपाटाखाली पडलेला मासा काही तासांतच खराब होतो. तोच बर्फात नीट ठेवल्यास आठवड्याहून अधिक काळ खाण्याजोगा राहतो. सायंकाळी टाकलेल्या जाळ्यात अडकून रात्रीच मेलेला मासा मात्र पेटीत घालण्यापूर्वीच जुना झालेला असतो. गेलेला ताजेपणा बर्फाने परत येत नाही. यास्तव जाळी शक्य तितक्या लवकर उचलणे हे शीतपेटीच्याही आधीचे काम होय.

अलीकडे नावेवर विजेऱ्यांवर चालणारे शीतयंत्र बसवावे काय, असा प्रश्न काही मच्छिमार बंधू ग्रामसेवकांना विचारतात. हे यंत्र घरातील फ्रीजसारखेच असते. एक द्रव नळीत उकळताना पेटीतील उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो आणि दुसऱ्या नळीत ती उष्णता बाहेरच्या हवेला अगर पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. यंत्र थंडी निर्माण करीत नाही, आतील उष्णता उचलून बाहेर टाकते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढील हिशेब सोपा होतो.

एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. तीस किलो मासळी तीस अंशांवरून शून्य अंशांपर्यंत आणावयाची तर सुमारे ७२० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषून घेतो. म्हणजे केवळ मासळी थंड करण्यास नऊ किलो बर्फ पुरतो, आणि चुरा करून माशांत मिसळल्यास तो हे काम थोड्याच अवधीत करतो. उलट १२ व्होल्टच्या विजेरीवर चालणारे लहान शीतयंत्र तासाला सुमारे ५० किलोकॅलरीच बाहेर टाकू शकते. पेटीत बाहेरून शिरणारी उष्णता शून्य मानली तरी त्याला चौदा तास लागतील.

ती शून्य मात्र कधीच नसते. एक मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद व तेवढीच उंच पेटी घेतली आणि तिच्या भिंतीत पाच सेंटिमीटर थर्मोकोल घातला, तर चाळीस अंशांच्या उन्हात तासाला सुमारे ७५ किलोकॅलरी आत शिरतात. म्हणजे ते लहान यंत्र अखंड चालूनही हरते! थर्मोकोल दहा सेंटिमीटर केल्यास शिरणारी उष्णता निम्म्यावर येते. परंतु मग यंत्राच्या हाती जे उरते त्यातून वरील मासळी थंड होण्यास दोन दिवसांहून अधिक काळ जाईल. शिवाय असे यंत्र चार ते पाच अँपिअर वीज घेते. दिवसभर चालविल्यास शंभर अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो, आणि शिशाची विजेरी निम्म्याहून अधिक उतरविली की लवकर निकामी होते. सबब दोन मोठ्या विजेऱ्या लागतात व त्यांचेच वजन पन्नास किलोंच्या वर जाते. सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या उजनीच्या लहान होडीला हे साधन परवडणारे नाही. समुद्रावर कित्येक दिवस राहणारे मुंबई-रत्नागिरीकडील ट्रॉलरदेखील बहुतांशी बर्फ भरूनच निघतात. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने तो प्रथम पेटीच्या जाड भिंतीत घालावा. यंत्र हवेच असेल तर ते संस्थेने काठावर, जेथे वीज आहे तेथे बसवावे.

पेटी तयार करताना दहा सेंटिमीटर जाडीचा दाट थर्मोकोल वापरावा. पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर घेऊन त्यांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. आतून-बाहेरून फायबरचे आवरण द्यावयाचे असल्यास एक धोका आहे. फायबरच्या कामात सर्वसाधारणपणे वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझीन थर्मोकोलला लागताच तो विरघळतो. कारागिराला हे आधी सांगावे, आणि थर्मोकोल जाड प्लॅस्टिकच्या कागदात पूर्ण गुंडाळून मगच आवरण चढवावे. या कागदाने ओलही आत शिरत नाही. ओला थर्मोकोल उष्णता अडवीत नाही. झाकणही तितकेच जाड हवे व त्याच्या कडेला रबराची पट्टी हवी. पेटीचा बाहेरचा रंग पांढरा द्यावा.

तळाशी एका कोपऱ्याकडे उतार देऊन पाणी जाण्यास नळी बसवावी. ही नळी खाली वाकवून पुन्हा थोडी वर घ्यावी, म्हणजे वाकणात पाणी साचून राहते आणि गरम हवा आत शिरत नाही. वितळलेले पाणी माशाचा चिकटा व रक्त धुऊन नेते. ते पेटीत तुंबता कामा नये, तसेच होडीच्या तळाशीही साचू देऊ नये.

पेटीची जागा निवडताना निष्काळजीपणा नको. मासळी व बर्फ भरलेली ही पेटी एका प्रौढ माणसाहून जड होते. ती होडीच्या मध्यभागी, शक्य तितकी खाली ठेवून दोराने अगर पट्टीने घट्ट बांधावी. एका बाजूस अगर फळीवर उंच ठेवू नये, आणि तिच्या वजनाइतकी माणसे अगर सामान कमी करावे. उजनीवर वारा एकाएकी सुटतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा बळी गेला, हे काठच्या लोकांस सांगावयास नको. पेटी मोठी घेण्याचा मोह होतो. पण सुटलेली जड पेटी एका बाजूला सरकली तर होडी सावरण्यास वेळ मिळत नाही.

बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्यावा. लादी अखंड न्यावी व जाळे उचलण्याच्या वेळी फोडावी, कारण चुरा लवकर वितळतो. प्रथम तळाशी चार बोटे चुरा, त्यावर स्वच्छ पाण्याने धुतलेल्या माशांचा एक थर, पुन्हा चुरा, असे करीत वर जाड थर द्यावा. तीस किलो मासळीस सहा तासांकरिता हिशेबाने बारा-तेरा किलो बर्फ पुरतो. वाटेतील वितळणे व झाकण उघडणे धरून हिवाळ्यात वीस किलो आणि चैत्र-वैशाखात मासळीइतकाच, म्हणजे तीस किलो न्यावा. बाजारात पोहोचल्यावर पेटीत थोडाफार बर्फ शिल्लक दिसला तर प्रमाण बरोबर साधले असे समजावे. तो अगदीच उरला नसेल तर पुढच्या खेपेस पाच किलो वाढवावा.