मिठाचा पडदा : रेणू आणि त्याची पार्श्वभूमी

भिलाईसारख्या पोलादनगरीत, रुआबांध्याच्या वसाहतीत, मीठ आणि धातू यांचे नाते गंजामुळे परिचित आहे. निर्वातात मात्र ते निराळे दिसते. तांब्याच्या स्वच्छ स्फटिकावर मिठाची वाफ सोडल्यास बहुधा दोन अणुस्तर जाडीची चौकोनी बेटे तयार होतात. त्यांत सोडियम व क्लोरीन यांचे आयन आळीपाळीने, सुमारे ०.२८ नॅनोमीटर अंतरावर बसतात. खालच्या तांब्याची मांडणी षट्कोनी असली, तरी मीठ आपली चौकट सोडत नाही. धातूच्या पायरीवरूनही ते सतरंजीसारखे अखंड पसरू शकते. ग्राफिनवर तर त्याची पकड अधिकच सैल असते.

संहिता संदर्भापासून कितपत वेगळी करता येते, या आपल्या जुन्या वादाला येथे भौतिक रूप मिळते. पेंटासीनचा रेणू थेट धातूवर ठेवला, तर धातूचे इलेक्ट्रॉन त्याच्या कक्षकांत मिसळतात. झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये तो मिठाच्या पडद्यावर ठेवला, तेव्हा त्याचे कक्षक जवळजवळ मुक्त रेणूसारखे दिसले. ‘जवळजवळ’ हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. पडदा फार जाड केला, तर निरीक्षणास लागणारा विद्युत्प्रवाहच धातूपर्यंत पोहोचत नाही, आणि या पद्धतीने रेणू दिसेनासा होतो.