पट्टकृमी आणि पिसू
घरातील कुत्र्यामांजरांच्या आतड्यात डिपायलिडियम कॅनायनम हा पट्टकृमी आढळतो. लिनीअसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे पक्व खंड काकडीच्या बीसारखे दिसतात व प्राण्याच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात. त्यांतील अंडी मुलाच्या पोटात गेली, तरी त्यांपासून कृमी वाढत नाही. ती प्रथम पिसवेच्या अळीने खावी लागतात. प्रौढ पिसू केवळ रक्त शोषते, तिला ती खाता येत नाहीत. अळी मात्र चावून खाणारी असते. पुढे तिची पिसू होते, तोवर पोटातील कृमीही संसर्गक्षम बनतो. अशी पिसू अंग चावताना कुत्रा गिळतो, आणि त्याच्याशी खेळणारे रांगते मूल नकळत गिळते. सुमारे तीनचार आठवड्यांत कृमी पूर्ण वाढतो.

बहुधा मुलाला काहीच त्रास होत नाही. लंगोटात वळवळणारे तांदळासारखे दाणे पाहून आई घाबरते. कित्येकदा हे सूत्रकृमीच समजले जातात आणि भलतेच औषध दिले जाते. म्हणून तो दाणा बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवावा. प्राझिक्वांटेल या औषधाच्या एका मात्रेने कृमी सहसा नष्ट होतो. परंतु कुत्र्याच्या अंगावरील व अंथरुणातील पिसवा तशाच राहिल्या, तर मुलाला पुन्हा बाधा होऊ शकते.