किंग्ज पार्कची वाफ

दिवाळी अंकाच्या संपादकांना भुतं हवी होती. अमेरिकेत बंद पडलेली वेड्यांची इस्पितळं पुष्कळ. त्यातलं एखादं बघा आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं लिहा, असा त्यांचा आग्रह. मी किंग्ज पार्क निवडलं ते निव्वळ सोयीसाठी. न्यू यॉर्कहून लाँग आयलंड रेल रोडने निघालं की त्याच नावाच्या स्टेशनावर उतरता येतं. आवाराचा एक भाग २००० साली निसेक्वॉग नदीकाठचं सरकारी उद्यान झाला. तिथे कुणीही सायकल फिरवावी. इमारतींत शिरणं मात्र गुन्हा. तरीही कॅमेरे आणि विजेऱ्या घेऊन पोरं शिरतात. त्यांना भीती वाटते ती पहारेकऱ्याची. मी कुंपणाबाहेरच राहिले, तेही दिवसाउजेडी.

झाडांच्या वर ९३ क्रमांकाची इमारत दिसते. तेरा मजले, विटांचं बांधकाम, बांधून झाली १९३९ साली, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून. इस्पितळ त्याहून बरंच जुनं. ब्रुकलिनमधल्या वेड्यांच्या कोंदट इस्पितळात जागा उरली नाही तेव्हा, १८८५ मध्ये, इथे रुग्णांसाठी शेतीवाडीची वसाहत काढली. दहा वर्षांनी राज्य सरकारने ती ताब्यात घेतली. १९५४ साली इथे ९,३०३ रुग्ण होते. शेजारच्या पिलग्रिम या वेड्यांच्या इस्पितळात त्याच सुमाराला १३,८७५. मग मनोविकारावरच्या क्लोरप्रोमाझीनच्या गोळ्या आल्या, माणसं घरी पाठवली जाऊ लागली, आणि १९९६ मध्ये उरलेसुरले रुग्ण पिलग्रिमला हलवून दारं बंद झाली. विजेचे झटके, इन्शुलिन, मेंदूवरच्या शस्त्रक्रिया या तेव्हाच्या उपचारांवर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. मला वेगळाच प्रश्न पडला होता. नऊ हजार रुग्ण, वर नोकरचाकर, भटारखाना, धोबीखाना; आणि लाँग आयलंडचा हिवाळा. एवढ्या माणसांना ऊब कुठून मिळायची?

वाफेतून. रेल्वेचा एक फाटा थेट आवारात येत होता, त्यावरून कोळसा यायचा. बॉयलरघरात वाफ व्हायची आणि जमिनीखालच्या भुयारांतून, नळांवाटे, इमारतीइमारतीत जायची. खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये वाफ थंड होते, तिचं पाणी होतं आणि ते परत बॉयलरकडे येतं. यंत्रणा साधी आणि चिवट. कैद्यासारखं कोंडलेल्या माणसालाही तिने हिवाळ्यात गोठू दिलं नाही, हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते. पण वाफ लांब न्यायची तर वाटेत थंड होऊ द्यायची नाही, म्हणून नळाला गुंडाळायला काहीतरी हवं. त्या आवरणाला लॅगिंग म्हणतात, आपल्या कारखान्यांतही.

त्या काळचं लॅगिंग म्हणजे बहुधा ८५ टक्के मॅग्नेशिया आणि उरलेला ॲस्बेस्टॉसचा तंतू. अर्धगोल साचे नळावर बसवायचे, वर कापड घट्ट ओढायचं. सरळ नळाचं काम सोपं. खरं कसब वळणावर. तिथे साचा बसत नाही. कामगार बादलीत भुकटी ओतायचा, पाणी घालून कालवायचा आणि चूल सारवावी तसा तो गारा हाताने कोपरावर लिंपायचा. भुकटी ओतताना उडे ती धूळ. संध्याकाळी कपडे झटकले की घरात तीच. न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई इस्पितळातल्या आयर्व्हिंग सेलिकॉफ या डॉक्टरांनी या धंद्यातल्या, १९४३ पूर्वी कामाला लागलेल्या ६३२ माणसांचा माग काढला. १९६४ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात आकडा आहे: फुप्फुस किंवा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात जण दगावणं अपेक्षित होतं, दगावले ४५. हा रोग वीस, तीस, चाळीस वर्षं गप्प बसतो. म्हणून विशीत भुयारात शिरलेल्या पोराला काहीच होत नाही, आणि तो मित्रांना तसं सांगतोही.

आपल्याकडे चाळींवर, शेडवर असतात त्या सिमेंटच्या पत्र्यातही ॲस्बेस्टॉसच असतो, पण तो सिमेंटने धरून ठेवलेला. कापला, फोडला की सुटतो. लॅगिंगला ते बंधनही नाही. चिमटीत चुरडलं तरी त्याचं पीठ होतं.

वाफ थांबली तेव्हा खरी पडझड सुरू झाली. तापत नाहीत म्हणून भिंती सुकत नाहीत. नळांत राहिलेलं पाणी गोठून नळ फुटतात. सपाट छपरावरची पाणी जायची भोकं पानांनी बुजतात, पाणी मजल्यामजल्याने खाली उतरतं, ओलाव्याने शिशाचा रंग पापुद्रे धरून गळतो. अशा ओसाड इमारतींत लिफ्टचे खड्डे उघडे असतात, कबुतरांच्या विष्ठेत फुप्फुसाला लागणारी बुरशी वाढते, आणि जमीन वरून धड दिसली तरी खालून कुजलेली असते. त्यात भंगारचोर. त्यांना तांबं आणि लोखंड हवं. वरचं आवरण ते ओरबाडून टाकतात. तो चुरा भुयाराच्या तळाशी भिजून पडतो, उन्हाळ्यात वाळतो, आणि पाऊल पडलं की उठतो. उडालेला तंतू तासन्‌तास हवेत राहतो. डोळ्याला दिसत नाही, वास नाही, खोकला येत नाही. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही.

मग पाडून का टाकत नाहीत? हा प्रश्न मीही विचारला, आणि त्याच्या उत्तराने भुतांची सगळी जागा खाल्ली.

अमेरिकेच्या नियमानुसार अशी इमारत पाडण्याआधी भुगा होणारा ॲस्बेस्टॉस आतून काढावा लागतो. खोली प्लॅस्टिकने सीलबंद करायची, आतली हवा बारीक गाळणीतून बाहेर ओढत राहायची, म्हणजे गळती झालीच तर आतल्या बाजूला होईल. लॅगिंगवर साबणासारखं द्रव्य घातलेलं पाणी मारून ते आतपर्यंत भिजवायचं, हाताने उतरवायचं, दुहेरी पिशव्यांत भरायचं. बाहेर पडताना कपडे आत टाकून, न्हाऊन, मगच घरचे कपडे. एवढं करायला माणूस उभा राहू शकेल अशी जमीन लागते, आणि तीच कुजलेली आहे.

त्यासाठी नियमात पळवाट आहे: इमारत कोसळण्याच्या बेतात असेल तर आत न शिरता, पाण्याचा मारा करत, आहे तशी पाडता येते. पण मग ॲस्बेस्टॉस वेगळा काढता येत नाही. त्यात मिसळलेली वीट, लाकूड, गिलावा, सगळाच ढिगारा ॲस्बेस्टॉसचा कचरा ठरतो आणि तसाच भिजवून, झाकून, खास खड्ड्यात पुरावा लागतो. काहीशे किलो विषारी चुऱ्यापायी हजारो टन विटा विषारी होतात. आधी खर्च परवडत नाही म्हणून काम पुढे ढकललं जातं. ढकलल्यामुळे छप्पर बसतं. छप्पर बसल्यामुळे खर्च वाढतो. आवारातल्या काही इमारती पाडून झाल्या. ९३ क्रमांकाची मात्र इस्पितळ बंद होऊन पाव शतक उलटलं तरी उभीच राहिली, आणि दर हिवाळा तिचं बिल वाढवत गेला.

संपादकांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, निदान रात्री काही आवाज वगैरे येतात का? येतात, म्हटलं. गिलाव्याचे.