कुराण घेऊन परमुलखात

खंडाळ्याच्या नागफणीपाशी सह्याद्री एकदम तुटतो. जवळच्या कुरवंडे गावातून एक जुनी घाटवाट कोकणात उतरते आणि खाली उंबरखिंडीत शिरते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सुभेदार शाइस्ताखानाचा उझबेक सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन या वाटेनं निघाला. झाडीत दबा धरून बसलेल्या शिवाजी महाराजांच्या माणसांनी त्याला खिंडीत गाठलं. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. शेवटी सामानसुमान तिथंच टाकून त्याला जिवानिशी सुटावं लागलं.

त्या सामानात काय काय होतं याची यादी नाही. पण एवढ्या मोठ्या मोगली फौजेत कुराणाची एकही प्रत नसेल, असं म्हणणं कठीण. आणि इथं इस्लामी धर्मशास्त्रातला एक जुना प्रश्न उभा राहतो: परमुलखात जाताना कुराण बरोबर न्यावं का?

प्रश्नाचं मूळ एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीच्या नोंदीत आहे. शत्रूच्या मुलखात कुराण घेऊन जायला पैगंबरांनी मनाई केली होती, असं त्यांचे सहकारी इब्न उमर यांनी सांगितलं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाणभूत संग्रहांत ही हदीस आहे. मनाईचं कारणही तिथंच येतं: ग्रंथ शत्रूच्या हाती पडू नये, त्याची विटंबना होऊ नये. तेव्हा लिखित प्रती थोड्या होत्या. त्यातली एखादी गेली तर काही भागच हरवायचा, ही धास्ती त्यामागं होती, असं इमाम तहावींचं म्हणणं.

कारण कळलं की पंडितांचं काम सुरू होतं. इमाम मालिक यांनी मनाई सरसकट मानली. शाफई पंथाचे इमाम नववी म्हणतात, भीती नसेल तर मनाईही नाही. हनफी पंथाच्या पंडितांनी आणखी बारकाईनं पाहिलं. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या ग्रंथानुसार सुरक्षित मानली जाणारी मोठी फौज असेल तर कुराण नेण्यास हरकत नाही. छोट्या तुकडीनं मात्र नेऊ नये. मोगलांचा कारभार हनफी मताचा. पुढं औरंगजेबानं बऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा प्रचंड संग्रह तयार करून घेतला, तोही याच परंपरेतला. फौज मोठी म्हणजे ग्रंथ सुखरूप, हे गणित कागदावर ठीक होतं. ते मांडणाऱ्यांनी सह्याद्रीतल्या खिंडी पाहिल्या नव्हत्या!

पण मनाईमागची भीती खरी ठरली का? याचं उत्तर मराठी बखरीत शोधायची गरज नाही, ते मोगलांच्याच इतिहासकारानं देऊन ठेवलं आहे. खाफीखान शिवाजी महाराजांचा कडवा टीकाकार, त्यांच्यावर शिव्यांची लाखोली वाहणारा. तोच लिहितो, की मशिदीला, कुराणाला आणि कुणाच्याही बायाबापड्यांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. कुराणाची प्रत हाती आली तर ते ती आदरानं आपल्या एखाद्या मुसलमान सेवकाच्या स्वाधीन करत. विरोधकाची साक्ष म्हणून तिचं मोल जास्त.

‘हिदाया’त आणखी एक तरतूद आहे, आणि आजच्या प्रवाशाला तीच उपयोगी. कुणी अमान, म्हणजे अभयवचन घेऊन परमुलखात शिरत असेल आणि तिथले लोक वचन पाळणारे असतील, तर कुराण नेण्यास हरकत नाही. आजचे मुफ्ती, म्हणजे धर्मशास्त्रावर निर्णय देणारे पंडित, व्हिसाला अमानच मानतात. त्यामुळे लंडनला शिकायला किंवा टोरांटोला नोकरीला निघालेल्या पुण्याच्या मुलाच्या बॅगेत आईनं कुराण ठेवलं, तर त्याला शास्त्राची आडकाठी नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. खंडाळ्याचा घाट ओलांडला की पंथ बदलतो, पण या मुद्द्यावर निकाल बदलत नाही.

उरतो तो अदब. प्रत जुजदानात, म्हणजे कापडी पिशवीत गुंडाळायची. चपलांशेजारी किंवा पायापाशी ठेवायची नाही. म्हणून डिकीतल्या बॅगेपेक्षा हातातली पिशवी बरी. चारही सुन्नी पंथांच्या मते छापील प्रतीला हात लावण्याआधी वुजू, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन करायची शुद्धी लागते, आणि एक्सप्रेसवेवर ट्राफिकमध्ये अडकलेल्या गाडीत ती करायची कुठं? मोबाइलनं ही अडचण बरीच सोपी केली. पडद्यावरची अक्षरं कायमची लिहिलेली नसतात, म्हणून फोनवर वाचायला वुजूची अट नाही, असं बऱ्याच मुफ्तींचं मत आहे.

मुंबईहून हजची जहाजं १९९५पर्यंत सुटत होती. आता पुणे-साताऱ्याकडचे पुष्कळ हाजी घाट उतरून मुंबईच्या विमानतळावर जातात. मदिनेत १९८०च्या दशकात सुरू झालेल्या किंग फहद छापखान्याची एक प्रत हाजींना परतताना भेट मिळते. तेव्हा जाताना घरची जाडजूड प्रत न घेता खिशात मावेल असा पंजसुरा, म्हणजे कुराणातल्या निवडक पाच सूरांची पुस्तिका घेतली, तरी भागतं. येताना झमझमचं पाणी आणि खजूर असतातच. वजनकाट्यापुढं उभं राहिल्यावर हे कळतं.