अतिरिक्त रक्तदाब, अनिदानित

अतिरिक्त रक्तदाब, अनिदानित : रोहिण्यांच्या भित्तींवरील रक्ताचा दाब सतत वाढलेला असूनही निदान न झालेली अवस्था. प्रौढ व्यक्तीत वेगवेगळ्या दिवशी मोजलेला हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा दाब १४० मिमी. (पाऱ्याचा स्तंभ) वा अधिक, किंवा शिथिलनाच्या वेळचा ९० मिमी. वा अधिक असल्यास तो अतिरिक्त मानतात. हा विकार बहुधा लक्षणरहित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार ३० ते ७९ वर्षे वयाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना त्याची जाणीव नव्हती.

वाढते वय, आनुवंशिकता, स्थूलत्व, मद्यपान, व्यायामाचा अभाव, मधुमेह व वृक्कविकार यांमुळे धोका वाढतो. मिठाचे अतिसेवन हेही महत्त्वाचे कारण होय. रोजचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात धरावे लागते.

उपचाराविना हृदयाच्या डाव्या निलयाची भित्ती जाड होते आणि पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, वृक्कांची अकार्यक्षमता व दृष्टिपटलाची हानी संभवते. रीव्हा-रोत्ची यांनी १८९६ मध्ये दंडपट्टा वापरून, तर कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये त्याला स्टेथॉस्कोपाची जोड देऊन रक्तदाबमापन सुलभ केले. लक्षणांची वाट न पाहता असे नियमित मापन करणे, हाच निदानाचा मार्ग होय.