एक ओळ म्हणजे नेमके काय? कृषी डेटाबेसमधील गोंधळाचे शब्द

एखाद्या गावाची माहिती तीन याद्यांमध्ये साठवलेली आहे, अशी कल्पना करावी. पहिल्या यादीत ४१२ ओळी आहेत, दुसरीत ५३० आणि तिसरीत ९७०. आढावा बैठकीत प्रश्न येतो, "गावात शेतकरी किती?" आणि तीन कर्मचारी तीन उत्तरे देतात. वस्तुतः तिन्ही याद्या बिनचूक असू शकतात. पहिलीतील प्रत्येक ओळ एका खातेदाराची, दुसरीतील एका गटाची, तर तिसरीतील एका हंगामातील एका पिकाची आहे. चूक आकड्यांत नाही, तिन्ही ओळींना "शेतकरी" म्हणण्यात आहे.

शेतीविषयक बहुतेक कामे आता डेटाबेसवर चालतात. शेतकरी नोंदणी, पीक पाहणी, मृद आरोग्य पत्रिका, विमा आणि अनुदान या प्रत्येक कामात माहिती प्रथम गावपातळीवर भरली जाते. तेथे शब्दाचा अर्थ चुकला तर पुढे कितीही उत्तम संगणक असला तरी चूक दुरुस्त होत नाही. म्हणून काही मोजके शब्द विस्तार कार्यकर्त्यांनी आणि शेतकऱ्यांनीही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एकाच वस्तूची तीन नावे

डेटाबेसच्या क्षेत्रात तीन पिढ्यांची परिभाषा एकत्र नांदते. जुन्या पद्धतीत फाइल, रेकॉर्ड आणि फील्ड असे म्हणत. आज प्रचलित असलेले शब्द म्हणजे टेबल, रो आणि कॉलम, अर्थात तक्ता, ओळ आणि रकाना. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली आपला प्रसिद्ध शोधनिबंध मांडला, तेव्हा गणिताच्या भाषेतून रिलेशन हा शब्द आला. तेथे रिलेशन म्हणजे ढोबळमानाने स्वतः तक्ताच होय. दोन तक्त्यांमधील नाते म्हणजे रिलेशन, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु त्या नात्यासाठी रिलेशनशिप हा वेगळा शब्द आहे.

कृषी क्षेत्रात फील्ड हा शब्द तर दुहेरी घोटाळा करतो. संगणक तज्ज्ञ "फील्ड रिकामे आहे" म्हणतो तेव्हा त्याला रकाना अभिप्रेत असतो, कृषी सहायकाच्या डोळ्यांसमोर मात्र पडीक शेत उभे राहते. अशा ठिकाणी "रकाना" आणि "शेत" हे साधे मराठी शब्द वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

ओळ कशाची, हे आधी ठरवावे

देशाच्या कृषी गणनेनुसार २०१५-१६ मध्ये सुमारे १४.६५ कोटी वहिती खाती होती आणि त्यांचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर होते. या संख्येला अनेकदा जमीनमालकांची संख्या समजले जाते. गणनेची व्याख्या मात्र वेगळी आहे. मालकी कोणाचीही असो, एकट्याने किंवा इतरांसह एक घटक म्हणून जी जमीन कसली जाते, ती सर्व मिळून एक वहिती खाते होते. बटईने घेतलेली जमीन तेथे कसणाऱ्याच्या नावे मोजली जाते, सातबाऱ्यावर मात्र ती मालकाच्या नावे असते. दोन्ही आकडे परस्परांशी जुळावेत, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मृद आरोग्य पत्रिकेचेही असेच आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत बागायती क्षेत्रात २.५ हेक्टर आणि जिरायती क्षेत्रात १० हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची पद्धत ठरली. एका चौकटीत अनेक शेतकरी असतील, तर नमुना एक आणि पत्रिका अनेक. म्हणजेच पत्रिकांची संख्या ही नमुन्यांची संख्या नव्हे.

ओळीचा अर्थ विसरला की बेरीजही फसते. तीन भावांच्या सामायिक नावावर २ हेक्टरचा एक गट असेल आणि यादी व्यक्तिनिहाय असेल, तर २ हेक्टर तीन वेळा येतात व बेरीज ६ हेक्टर होते. एका हेक्टरवर खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेतला, तर पीक यादीत २ हेक्टर दिसतात. हे एकूण पिकाखालील क्षेत्र झाले, निव्वळ पेरणी क्षेत्र एकच हेक्टर राहते.

नाव वेगळे, ओळख वेगळी

प्रत्येक ओळ इतर सर्व ओळींपासून निश्चितपणे वेगळी ओळखता येईल, अशी एखादी खूण हवी. तिला प्रायमरी की म्हणतात. "की" म्हणजे येथे कुलपाची किल्ली किंवा पासवर्ड नव्हे, तर ओळखखूण होय.

नाव ही चांगली ओळखखूण ठरत नाही. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावे राज्यात अनेक आहेत. म्हणून केंद्राच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक दिलेला असतो. गट क्रमांक केवळ त्या गावापुरताच एकमेव असतो. "गट क्रमांक ४५" एवढ्यावरून जमीन सापडत नाही, गावाचा संकेतांक, गट क्रमांक आणि हिस्सा हे तिन्ही मिळून ओळख पूर्ण होते.

व्यक्तीच्या नावाची अडचण आणखी गंभीर आहे. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव व आडनाव पूर्ण, आधारवर अद्याक्षरे आणि बँकेत तिसरेच स्पेलिंग, असे झाले की संगणकाच्या लेखी त्या तीन व्यक्ती ठरतात आणि खऱ्या लाभार्थ्याचा हप्ता अडकतो.

यासाठी दिले जाणारे नवे क्रमांकही परस्परांहून भिन्न आहेत. शेतकरी ओळख क्रमांक व्यक्तीचा असतो, तर भू-आधार हा १४ अंकाक्षरी क्रमांक जमिनीच्या तुकड्याचा. जमीन विकली तरी तुकड्याचा भू-आधार बदलत नाही आणि शेतकऱ्याचा क्रमांकही जमिनीसोबत जात नाही. बदलते ते केवळ त्या दोघांमधील नाते.

शून्य आणि रिक्त

डेटाबेसमधील नल हा शब्द नवख्यांना शून्यासारखा वाटतो. शून्य हे मोजलेले उत्तर आहे. नल म्हणजे रिक्त, उत्तर उपलब्ध नाही. पर्जन्यमापकात पाऊस आढळला नाही, तर नोंद ० मिलिमीटर. त्या दिवशी मापन झालेच नाही, तर रकाना रिक्त ठेवावा. रिक्त दिवसांत शून्य भरल्यास कागदावर पावसाचा खंड निर्माण होतो.

माती परीक्षणातही हीच गत होते. उदाहरणादाखल तीन नमुन्यांपैकी दोहोंत उपलब्ध जस्त दशलक्षात ०.९ आणि ०.६ भाग निघाले, तिसऱ्याची तपासणी झाली नाही. रकाना रिक्त ठेवल्यास सरासरी ०.७५ येते. तेथे शून्य भरल्यास सरासरी ०.५ वर उतरते. जस्ताची कमतरता ठरवताना ०.६ ही मर्यादा सामान्यतः धरली जाते. म्हणजे एका चुकीच्या शून्यामुळे शेतकऱ्याला अनावश्यक झिंक सल्फेटचा खर्च सांगितला जाईल.

टिंबाचा अर्थ

ग्रामीण महाराष्ट्रात "१.२०" म्हणजे १ एकर २० गुंठे, असे लिहिण्याचा प्रघात आहे. संगणक मात्र या टिंबाला दशांश चिन्ह मानतो. ४० गुंठ्यांचा एक एकर असल्याने १ एकर २० गुंठे म्हणजे दशांशात १.५० एकर. १.२० असे भरल्यास १२ गुंठे जमीन नोंदीतून नाहीशी होते. सातबाऱ्यावरील हेक्टर-आर पद्धतीतही तीच सावधगिरी हवी. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५ हेक्टर. १.५ भरल्यास ४५ आर जमीन नसताना वाढते. उत्तर भारतातील बिघ्याचे माप तर प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे एककाशिवाय लिहिलेला आकडा निरर्थक ठरतो.

पाटी आधी, पेरणी नंतर

प्रयोगशील शेतकरी बियाण्याच्या पिशवीवर वाण, तारीख आणि प्लॉट यांची चिठ्ठी बांधल्याशिवाय ती कोठीत ठेवत नाही. तक्त्यालाही अशी चिठ्ठी हवी. एक ओळ कशाची आहे? ती कोणत्या क्रमांकाने ओळखावी? प्रत्येक रकान्याचे एकक कोणते? रिक्त रकाना आणि शून्य यांत फरक काय? या चार प्रश्नांची उत्तरे तक्त्याच्या माथ्यावर साध्या मराठीत लिहिल्यास नवा कर्मचारीही तीच माहिती त्याच अर्थाने भरेल.

शेतकऱ्यानेही नोंदणीनंतर मिळालेल्या उताऱ्यावर आपले नाव, गाव, गट, क्षेत्राचे एकक आणि पीक वाचून पाहावे. चूक वेळीच दाखवून दिली तर ती एका ओळीत दुरुस्त होते. तीच चूक विम्याच्या किंवा अनुदानाच्या यादीपर्यंत पोहोचली, तर तिच्यासाठी हंगामभर हेलपाटे घालावे लागतात.